दोन महायुद्धांमधली कामगार-कादंबरी : खोली दिसते, खाते का दिसत नाही?

सातरस्ता

या धाग्यात एक प्रश्न मांडते. गेले वर्षभर मी १९१९ ते १९३९ या काळातल्या शहरी कामगारांवरच्या कादंबऱ्या, मूळ इंग्रजीत किंवा अनुवादातून, जमतील तशा वाचत आहे. याची सुरुवात घरातूनच झाली. माझे आजोबा १९२६ साली रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, लागले. ते गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, त्यामुळे विचारायचे राहून गेले आणि पुढे ते पुस्तकांत शोधू लागले.

मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) पहिल्यांदा वाचली. मराठी कादंबरी मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यातून फारशी बाहेर पडत नव्हती, त्या दिवसांत वरेरकरांनी गिरणी कामगार हा कादंबरीचा विषय केला, याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. त्यानंतर वॉल्टर ग्रीनवुड यांची ‘लव्ह ऑन द डोल’ वाचली. तीही १९३३ चीच, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमधली. मग मुल्कराज आनंद यांची ‘कूली’ (१९३६) आणि आणखी काही.

वाचता वाचता एक गोष्ट सतत जाणवत राहिली. खोली, भाडे, सावकार, गहाणाचे दुकान, दारू, आजारपण, मोर्चा हे सारे या पुस्तकांत इतके जवळून येते की वास येतो. मात्र माणूस दिवसाचे दहा-अकरा तास जिथे उभा असतो, त्या जागेत लेखक फार थोडा वेळ थांबतो. १९२२ च्या दुरुस्तीनंतरही आपल्याकडे कायद्याने दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास काम घेता येत असे. १९३४ च्या कायद्याने ते दहा आणि चोपन्नवर आणले. म्हणजे जागेपणीचा बहुतेक काळ खात्यातच जात होता. तो काळ कादंबरीत का नाही? माझ्या वाचनाचा हा दोष असेल तर जरूर दाखवावा आणि अपवाद ठाऊक असतील तर सांगावेत.

वाचनवेल

प्रश्न फार आवडला. ‘लव्ह ऑन द डोल’पुरते माझे उत्तर असे की त्या पुस्तकाचा विषयच काम नसणे हा आहे. ‘डोल’ म्हणजे बेकारभत्ता, आणि मंदीत सॅलफर्डच्या माणसाला कारखान्याचे फाटक बाहेरूनच दिसत होते. अशा वेळी लेखक खात्यात जाणार तरी कसा?

गहाणाचे दुकान तिथे इतके जिवंत उतरले आहे त्याचेही कारण आहे. ग्रीनवुड स्वतः मुलगेपणी गहाणाच्या दुकानात कामाला होते. सोमवारी सकाळी बायका नवऱ्याचे रविवारचे कपडे गाठोड्यात बांधून दुकानापुढे रांग लावतात आणि पगार झाला की पुन्हा सोडवून आणतात. हॅरी हार्डकॅसल हा पोरगा तिथे चिठ्ठ्या लिहीत बसतो आणि मनातून त्याला त्या कामाची लाज वाटते. हे ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या त्यालाच सुचते. लेखकाने जे काम केले ते काम पुस्तकात उतरलेच आहे, फक्त ते कारखान्यातले नाही.

शेवटची लोकल

हॅरी पुढे कारखान्यात जातो ना? तो भाग विसरून चालणार नाही.

बिडाचा भुगा

मी पिंपरीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षे टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातूला आकार देणारा कामगार, होतो. आता निवृत्त आहे. साहित्याचा अभ्यास नाही, पण वाचनवेल यांनी उल्लेख केलेली कादंबरी मला एका तरुण सहकाऱ्याने सेवानिवृत्तीच्या दिवशी भेट दिली होती आणि ती मी दोनदा वाचली आहे, म्हणून लिहितो.

हॅरी गहाणाचे दुकान सोडून मोठ्या यंत्रकारखान्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागतो, कारण त्याला यंत्रांची भूल पडलेली असते. त्याला कॅप्स्टन लेथ मिळतो. कॅप्स्टन लेथ म्हणजे काय, हे ज्यांनी चालवला नाही त्यांना सांगायला हवे. त्याला एक फिरती टरेट असते, तिच्यात सगळी हत्यारे एकदा जाणत्या माणसाने बसवून दिली की पुढे एखादे पोरही दांडा ओढून तोच तुकडा दिवसभर काढू शकते. म्हणजे हॅरीला कसब शिकवलेच जात नाही. सात वर्षे संपतात, त्याला पुऱ्या कारागिराचा पगार द्यायची वेळ येते आणि कारखाना त्याला घरी पाठवून शाळेतून सुटलेली नवी पोरे भरतो. लेखकाने हे दुःख यंत्राच्या रचनेतूनच उभे केले आहे. मला ते वाचताना छातीत कळ आली, कारण ‘मशीन चालवता येते’ आणि ‘काम येते’ यांतला फरक मी उमेदवार पोरांना वर्षानुवर्षे समजावत आलो आहे. त्यामुळे या पुस्तकात खाते नाही, हे मला मान्य नाही.

परंतु सातरस्ता यांच्या मूळ शंकेत तथ्य आहे आणि त्याचे कारण मला माझ्या कामावरून असे वाटते. लेथवर चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीही घडले नाही तो दिवस. हत्यार बोथट होऊ लागले की पृष्ठभाग बिघडण्याआधी आवाज बदलतो. तो आवाज ऐकून हात आपोआप जातो आणि बिघाड होत नाही. आमचे सगळे कौशल्य काही घडू न देण्यात आहे. गोष्टीला तर काहीतरी घडायला लागते. म्हणून कादंबरीत काम येते ते अपघात झाला तर किंवा संप झाला तर, म्हणजे काम थांबले की.

वाचनवेल

बिडाचा भुगा, आपण म्हणता ते बरोबर आहे. मी ‘फाटक बाहेरूनच दिसत होते’ असे सरसकट लिहायला नको होते. कॅप्स्टन लेथचा हा अर्थ मला इतक्या वेळा वाचूनही कळला नव्हता.

माजघर

‘काम थांबले की कादंबरी सुरू होते’ याला जपानमधला एक चांगला दाखला आहे. तोकुनागा सुनाओ हे स्वतः टोकियोच्या छापखान्यातले कामगार होते. १९२६ साली तिथे मोठा संप झाला, तो मोडला आणि संपकऱ्यांना कामावरून जावे लागले. त्यावर त्यांनी १९२९ मध्ये कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ होतो ‘सूर्य नसलेली वस्ती’. दरीसारख्या सखल भागात दाटीवाटीने बांधलेली घरे, वर ऊन पोहोचत नाही, पाऊस झाला की पाणी तुंबते. तिथल्या बहिणी, म्हातारे बाप, फुटीर, बैठका हे सारे आहे. मी ती अनुवादात वाचली आणि छापखान्यातच जन्म गेलेल्या लेखकाच्या या पुस्तकात माझ्या लक्षात राहिली ती वस्ती, यंत्रे नव्हेत. म्हणजे ‘लेखक बाहेरचा असल्यामुळे खाते दिसत नाही’ असे कोणी म्हटले तर ते उत्तर पुरेसे नाही.

कांदेवाडी

मला मात्र वाटते की आपण खोलीला उगीच दुय्यम ठरवत आहोत. कामगार घरी आला की काम संपले, हा पुरुषाचा हिशेब झाला. माझी पणजी परळला खाणावळ चालवायची. एका खोलीत चौदा माणसे जेवायला, त्यांतली निम्मी दिवसपाळीची, निम्मी रात्रपाळीची. भोंगा व्हायच्या आधी भाकऱ्या तयार हव्यात म्हणून ती पहाटे तीनला चूल पेटवायची. बीडीडी चाळीतली खोली सुमारे एकशे साठ चौरस फुटांची. तेवढ्या जागेत तिचा कारखानाच होता. खोलीचे वर्णन करणारा लेखक कामाचेच वर्णन करत असतो, फक्त ते काम कोणाचे हे त्याला कळलेले असायला हवे.

हान्स फालाडा यांची १९३२ ची ‘छोट्या माणसा, आता काय?’ या अर्थाच्या नावाची जर्मन कादंबरी मी याच कारणासाठी जवळची मानते. नायक पिनेबर्ग हा कपड्याच्या दुकानातला विक्रेता, म्हणजे तो स्वतःला कामगार म्हणवून घेणार नाही, पण त्याची बायको लेम्खन कामगाराच्या घरातली आहे. महिन्याच्या पगारात काय काय बसवायचे याचा त्यांनी मांडलेला कागद त्या पुस्तकात आहे आणि तो वाचताना जितकी धडधड होते तितकी कुठल्या मारामारीच्या प्रसंगाने होत नाही. दुकानात दर महिन्याला इतका माल खपवलाच पाहिजे असा कोटा ठरतो आणि त्या आकड्याच्या भीतीने पिनेबर्गला गिऱ्हाइकापुढे बोलता येईनासे होते. हे खातेच झाले की.

शेवटची लोकल

पणजीबाईंच्या खाणावळीवर आपण वेगळा धागा काढावा, अशी मनापासून विनंती.

उभा धागा

‘कूली’बद्दल थोडे, कारण सुरुवातीच्या पोस्टमध्ये तिचा नुसताच उल्लेख आला. मुन्नू हा कांगड्याच्या डोंगरातला पोर, घरगडी होतो, लोणच्याच्या कारखान्यात राबतो, मुंबईला येऊन कापडगिरणीत लागतो आणि शेवटी सिमल्याला रिक्षा ओढता ओढता क्षयाने मरतो. गिरणीच्या भागात संप सुरू होत असतानाच पठाण लोक लहान मुलांना पळवतात अशी अफवा उठते, हिंदू-मुसलमान दंगल पेटते आणि संपाची हवा निघून जाते. कोणाला हे लेखकाने सोयीसाठी रचले असे वाटेल, पण फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत मुले पळवण्याची हीच अफवा पठाणांबद्दल उठली होती आणि दंगल झाली होती. आदल्या वर्षी, एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, दीड लाखांच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. दंगलीनंतर महिन्याभरात, मार्च १९२९ मध्ये, डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांना कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच्या मीरत कट खटल्यासाठी पकडण्यात आले. इतके सगळे एका शहरात एका वर्षात घडत असताना लेखकाची नजर रस्त्याकडे गेली, तर त्यात नवल नाही.

सहा महिने बिनपगारी काढलेल्या माणसांना पठाण सावकाराचे दार चुकत नव्हते, हेही या अफवेमागे धरायला हवे. अफवा रिकाम्या जागेत रुजत नाही.

सातरस्ता

सर्वांचे आभार. कांदेवाडी, आपल्या पणजीबद्दल वाचून मी माझा प्रश्न थोडा बदलते. खोली हेही खाते आहे, हे मान्य. तरीही साच्यासमोरचा माणूस मला मिळालेला नाही.

जोडरस्ता

मी इतका वेळ वाचत होतो. साच्यासमोरचा माणूस शोधताना साच्यासमोर कोणाला उभेच राहू दिले नाही, हेही पाहायला हवे, म्हणून लिहितो.

साच्यावर आडवे सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की साचेवाला नवी कांडी घालतो आणि तिचे सूत धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंडाने ओढून घेतो. दिवसातून किती वेळा, याची गणती नाही. ते सूत, तो धोटा एकाच्या तोंडाला लागलेला दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, या एका कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घेतले जात नसे. साचेखात्यात पगार जास्त होता. महार कामगार बहुतेक सूतकताईच्या रिंगखात्यात, जिथे मिळकत कमी. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उचलून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की कामगारांच्या हक्कांत या कामगारांचा हक्क येतो की नाही.

आता मला सांगा, खात्याचे तपशिलात वर्णन करायचे ठरवले असते तर हे टाळता आले असते का? ‘धावता धोटा’ या नावातच धोटा आहे. तो धोटा नुसता धावत नाही, तो तोंडाला लागतो आणि तिथे जात येऊन उभी राहते. चाळीच्या जिन्यात, मोर्च्यात, सभेत ‘कामगार’ हा एक शब्द चालून जातो. खात्यात तो चालत नाही. तिथे साचेवाला, रिंगवाला, जॉबर (कामगार भरणारा मुकादम), नायकीण (बायकांवरची मुकादम), बदलीवाला असे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला जात, गाव आणि ओळख चिकटलेली असते. कामगारांची एकी मनापासून हवी असलेल्या लेखकाला त्या आत जाऊन पाहणे जड गेले असेल. मी कोणावर आरोप करत नाही, पण माझे उत्तर हे आहे.

उभा धागा

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. मी वर ‘दीड लाख कामगार’ असे एका दमात लिहून गेलो.

माजघर

तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत लँकेशायरच्या गिरण्यांतूनच यंत्रांबरोबर आपल्याकडे आली. तिकडे तिला धोट्याचे चुंबन म्हणत, आणि एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात रोग जातो म्हणून ती बंद करण्याची मागणी त्याही लोकांनी अनेक वर्षे केली. तेच यंत्र, तीच कृती. तिथे भीती क्षयाची, इथे विटाळाची.

तिथल्या एका लेखिकेचे नाव या धाग्यात यायला हवे. एथेल कार्नी होल्ड्सवर्थ या अकराव्या वर्षी अर्धवेळ आणि तेराव्या वर्षी पूर्णवेळ गिरणीत लागल्या आणि पुढे त्यांनी कविता व कादंबऱ्या लिहिल्या. १९२५ ची त्यांची ‘धिस स्लेव्हरी’ ही लँकेशायरच्या गिरणीगावातल्या दोन बहिणींची गोष्ट आहे. साच्यांच्या गोंगाटात तिथल्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणे वाचत आणि बाहेर रस्त्यावरही त्याच सवयीने तोंड मोठे करून बोलत. इतक्या गोंगाटात संवाद लिहायचा कसा, हीदेखील कादंबरीकाराची अडचण असणार.

कांदेवाडी

संवादावरून भाषेचा मुद्दा. ग्रीनवुड यांची पात्रे लँकेशायरची बोली बोलतात, आल्फ्रेड डोब्लिन यांच्या ‘बर्लिन अलेक्झांडरप्लात्स’ (१९२९) मध्ये बर्लिनची बोली पानोपानी आहे. आपल्याकडे गिरणगावची भाषा म्हणजे मालवणी, संगमेश्वरी, घाटी यांत इंग्रजी शब्द दळून झालेले मिश्रण होते. त्या काळातल्या छापील मराठीने ते मिश्रण स्वीकारायला फार वर्षे घेतली. खात्यातले काम सांगायचे तर खात्यातले शब्द हवेत आणि ते शब्द ज्यांच्याकडे होते त्यांच्यातल्या फार थोड्यांना लिहिता-वाचता येत होते. अण्णा भाऊ साठे (जन्म १९२०) लहानपणी आईवडिलांबरोबर वाटेगावाहून पायी चालत मुंबईला आले. त्यांनी हे जग त्या वयात पाहिले, पण ते लिहू लागले तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. नारायण सुर्वे तर १९२६ चे. त्या वीस वर्षांचे आतले साक्षीदार तेव्हा मुले होती. म्हणून मला वाटते, आपली दोन महायुद्धांमधली कामगार-कादंबरी पुढे वीस-तीस वर्षांनी कवितेत आणि शाहिरीत शोधावी लागेल.

वाचनवेल

डोब्लिन यांचा विषय निघालाच आहे तर अपवाद म्हणून सांगते. त्या कादंबरीत बर्लिनच्या कत्तलखान्याचे प्रकरण आहे. जनावरे किती आली, कुठून आली, घाव कुठे बसतो, रक्त कसे वाहून नेतात, हे सगळे हिशेबनिसाच्या शांतपणाने येते. श्रमाचे इतके नेमके वर्णन मी त्या काळातल्या दुसऱ्या कादंबरीत वाचलेले नाही. मात्र तिचा नायक बीबरकॉफ, जो पूर्वी सिमेंटच्या आणि मालवाहतुकीच्या कामावर होता आणि तुरुंगातून सुटून आला आहे, तो तिथे काम करत नाही. तो रस्त्यावर किरकोळ वस्तू आणि वर्तमानपत्रे विकतो. डोब्लिन हे पूर्व बर्लिनमधल्या कामगारवस्तीत दवाखाना चालवणारे डॉक्टर होते, कदाचित म्हणून त्यांना शरीर कापले जाताना न अडखळता पाहता आले. बिडाचा भुगा म्हणतात की काही न घडणे लिहिता येत नाही. या प्रकरणात रोज तेच घडते आणि तरी पान खाली ठेवता येत नाही.

बिडाचा भुगा

मग मी माझे वाक्य मागे घेतो. मिळवून वाचीन.

जोडरस्ता यांनी लिहिलेले मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या खात्यातही डबा कोण कोणाबरोबर खातो ते ठरलेले असे, हे मी इतक्या वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो.

सातरस्ता

धागा थोडा शांत झाल्यावर मी माझ्या मोठ्या आत्याला फोन केला. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. आजोबा घरी आल्यावर पहिल्यांदा काय करत, एवढेच विचारले. ती म्हणाली, मोरीत बसून चुळा भरत. एक-दोन नव्हे, पुष्कळ. तोंडात कापसाचे तंतू आणि खळीची चव राहायची, म्हणून ते चहासुद्धा चुळा भरल्याशिवाय घेत नसत. आजी तांब्या भरून मोरीच्या कडेला ठेवायची आणि ते यायची वेळ झाली की पोरांना तिथून हाकलायची.

मग मी रिंगखात्याचे विचारले. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बोटीने त्याच दिवशी आलेला एक माणूस होता. तो रिंगखात्यात होता. शिमग्याला गावी जाताना दोघे बरोबर जात, बोटीवर शेजारी बसत. चाळीत तो कधी वर खोलीत आला नाही, जिन्याखाली उभा राहून हाक मारायचा. त्याला पगार कमी का, असे आत्याने लहानपणी विचारले होते. आजोबा म्हणाले होते, “तो रिंगखात्यातला.” आत्याला ते पूर्ण उत्तर वाटले होते, आणि मलाही जोडरस्ता यांचे लिहिणे वाचण्याआधी ते तसेच वाटले असते.

‘धावता धोटा’ पुन्हा काढली आहे. या वेळी धोट्याजवळ कोण उभे आहे आणि कोण नाही, हे पाहत वाचते. ‘धिस स्लेव्हरी’ कोणाकडे असेल तर कृपया कळवावे. आणि बिडाचा भुगा, आपण टर्नरच्या एका दिवसावर लिहावे असे मला मनापासून वाटते. काहीही न घडलेल्या दिवसावर.

बिडाचा भुगा

प्रयत्न करतो. आमचा दिवस भोंग्यापासून सुरू होत नसे. आदल्या पाळीच्या माणसाने यंत्र कसे पुसून ठेवले आहे, ते आधी बघायचे आणि त्यावरून त्याचा दिवस कसा गेला ते ओळखायचे. तिथून सुरुवात करीन.